गॅस्ट्रोत मोठ्या आतड्याचा दोष किती?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

गॅस्ट्रो झाला की कळ बेंबीखाली, नाहीतर डाव्या बाजूला येते. मोठं आतडं तिथेच, त्यामुळे 'आतड्याला सूज आहे', 'कोलायटिस झालाय' असं निदान घरबसल्या होऊन जातं. विषाणूंमुळे होणाऱ्या गॅस्ट्रोत हा प्रकार बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी असा असतो. विषाणूंचा धुमाकूळ चालतो लहान आतड्यात. मोठ्या माणसांत मोठ्या आतड्याचं अस्तर सहसा शाबूत राहतं, तरी बराचसा त्रास जाणवतो मात्र तिथूनच. हे कसं होतं आणि त्यामुळे उपचारात काय फरक पडतो, यासाठी हा धागा.

आधी विषाणू. मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त गॅस्ट्रो नोरोव्हायरसमुळे होतो. १९६८ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत साथ आली होती. तिच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये हा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ओळखला गेला, नावही त्या गावावरून पडलं. पुढच्याच वर्षी रोटाव्हायरस सापडला. शिवाय सॅपोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस आणि ॲडेनोव्हायरसचे ४० व ४१ हे प्रकार आहेत. नोरोव्हायरस पोटात गेल्यापासून १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात आणि १ ते ३ दिवसांत उतार पडतो. ॲडेनोव्हायरस रेंगाळतो, आठवडाभर किंवा जास्तही.

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांना विली म्हणतात. विलीच्या टोकावरच्या तयार पेशी साखर, क्षार आणि पाणी शोषतात, लॅक्टेजसारखी विकरंही बाळगतात. १९७० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांना नॉरवॉक विषाणू देऊन आतड्याचे तुकडे तपासले गेले. लहान आतड्यात विली आखूड आणि बोथट झालेले, त्यांच्या बुडाच्या खोबणी वाढलेल्या, आणि विकरं घटलेली आढळली. त्याच माणसांच्या जठराचं आणि मोठ्या आतड्याचं अस्तर मात्र सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीसारखं होतं.

आता पाण्याचा हिशोब. दिवसाला आपण साधारण २ लिटर पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून सुमारे ७ लिटरची भर पडते. या ९ लिटरपैकी मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं दीड लिटरच्या आसपास, आणि शौचावाटे बाहेर पडतं १०० ते २०० मिलि. मोठ्या आतड्याची शोषायची ताकद त्याहून बरीच जास्त आहे. पाणी हळूहळू आलं तर दिवसाला ४ ते ५ लिटरसुद्धा ते रिचवतं. गॅस्ट्रोत वरून येणारा लोंढा या मर्यादेपलीकडे जातो, किंवा मर्यादेत असूनही इतक्या वेगाने येतो की शोषायला वेळच मिळत नाही. म्हणून जुलाब.

---

चौकस

हिशोब पटला. पण मोठं आतडं जर धडधाकट असेल तर मुरडा का येतो? आणि काही खाल्लं की लगेच धावावं का लागतं? नुसतं पाणी जास्त आलं म्हणून इतकी कळ यायचं कारण नाही.

---

पित्तप्रकोप

पाण्याचं प्रमाण हे एक कारण झालं. पाण्याबरोबर जे येतं ते जास्त त्रासदायक.

न शोषलेली साखर घ्या. विलीची टोकं झडली की लॅक्टेज घटतं, म्हणून दुधातली साखर तशीच खाली उतरते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेन, आणि लघुशृंखला मेदाम्लं तयार होतात. वायूमुळे आतडं ताणलं जातं, आणि आतड्याला कापल्याचं कळत नाही पण ताणल्याचं चांगलंच कळतं. गुडगुड, फुगणं, कळ, वायू सरला की तात्पुरता आराम, हे सगळं त्यातलंच. शौच आम्लधर्मी झाल्याने गुदद्वाराची आग होते. कातडी सोलवटायच्या आत पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावायला घ्यावं, कागदाने घासण्यापेक्षा पाण्याने धुवून टिपून कोरडं करावं.

गंमत म्हणजे हीच मेदाम्लं मोठ्या आतड्याच्या कामाचीही आहेत. ब्युटिरेट हे तिथल्या पेशींचं मुख्य इंधन, आणि मेदाम्लं शोषली जाताना सोडियम व पाणीही आत ओढलं जातं. म्हणजे जिवाणू थोडी गळती भरूनही काढत असतात. गरज नसताना अँटिबायोटिक घेऊन हे जिवाणू मारले की जुलाब वाढतात, त्याचं हे एक कारण.

दुसरं पित्ताम्लांचं. ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. तो भाग आजारी असला किंवा सगळं वेगाने सरकत असलं की ती मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे ती अस्तराला पाणी सोडायला लावतात, आकुंचनंही वाढवतात. पिवळट-हिरवं, पाण्यासारखं, घाईने होणारं शौच बऱ्याचदा या वाटेने येतं. नुसता हिरवा रंग धोक्याचा नाही, पित्ताचा रंग बदलायला वेळ मिळाला नाही इतकाच त्याचा अर्थ.

आणि नसा. रोटाव्हायरस एनएसपी४ नावाचं प्रथिन सोडतो, आतड्यावर ते विषासारखं काम करतं. १९९६ मध्ये ते ओळखलं गेलं. अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात, त्याने आतड्याची स्वतःची मज्जासंस्था आणि मेंदूकडे जाणारी व्हेगस नस दोन्ही चाळवतात. उलटी आणि आतड्यातला पाझर दोन्हींत याचा हात असतो. खाल्ल्यावर धावावं लागतं ते जठर-बृहदांत्र प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. ही क्रिया सगळ्यांत असते: पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं. एरवी आत घट्ट मळ असतो, आता पाणी आहे, म्हणून गाठायला वेळ मिळत नाही. एकदम भरपूर खाण्याऐवजी थोडं थोडं खाल्लं की घाई कमी होते.

---

विषाणूपुराण

धागाकर्त्यांशी बव्हंशी सहमत, पण 'मोठं आतडं शाबूत' हे सरसकट नको.

प्रतिकारशक्ती दबलेल्यांत चित्र वेगळं असतं. अवयवरोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, एचआयव्हीचे उपचार न मिळालेले, बराच काळ स्टेरॉइड घेणारे, यांच्यात सायटोमेगॅलोव्हायरस खुद्द मोठ्या आतड्यात व्रण पाडतो. रक्त पडतं, ताप येतो, वजन उतरतं, क्वचित आतडं फाटतं. ॲडेनोव्हायरसही अशांच्या मोठ्या आतड्यात दाह करतो. याला 'पोटाचा व्हायरल' म्हणून घरी थांबणं चूक. निदान बायॉप्सीवर (अस्तराचा तुकडा काढून तपासण्यावर) होतं आणि त्याला वेगळं विषाणूरोधक औषध शिरेतून द्यावं लागतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसवाल्यांचा (मोठ्या आतड्यात व्रण पडत राहणारा) जुनाट आजार औषधांना दाद देईनासा झाला की हाच विषाणू मुद्दाम शोधतात.

उंदरांचा नोरोव्हायरस आतड्याच्या अस्तरातल्या 'टफ्ट' नावाच्या पेशींत शिरतो आणि त्या पेशी मोठ्या आतड्यातही असतात. यावरून 'नोरोव्हायरस कोलनमध्ये राहतो' अशी विधानं फिरत असतात. माणसाला बाधणारे प्रकार वेगळे आहेत, उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नये.

एक अवांतर. काही जणांना नोरोव्हायरसचे ठरावीक प्रकार लागतच नाहीत. एफयूटी२ या जनुकामुळे आतड्याच्या अस्तरावर रक्तगटासारख्या शर्करा तयार होतात आणि विषाणू त्यांना धरून बसतो. हे जनुक निकामी असेल तर विषाणूला पाय ठेवायला जागा नाही. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एखादा ठणठणीत राहतो, त्याचं हे एक कारण.

---

सूक्ष्मदर्शी

दुरुस्ती मान्य. 'एरवी निरोगी असलेल्या मोठ्या माणसात' असं वाचावं.

---

अर्धा_चमचा

उपचारावर लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

विषाणूचा धुमाकूळ चालू असतानाही आतड्यातली शोषणाची एक वाट चालू राहते: एका ग्लुकोजच्या कणाबरोबर दोन सोडियम आत जातात, मागोमाग पाणी. ओआरएस या वाटेवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं, एकूण २०.५ ग्रॅम. लिटरला सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोज ७५ मिलिमोल, आणि विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता २४५ मिलिऑस्मोल. रक्ताची तीव्रता २८५ ते २९५ असते, म्हणजे द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ आहे. पाणी आतड्यातून रक्ताकडे जातं ते त्यामुळे.

पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द महत्त्वाचा, शिगोशीग भरलेला चमचा नको. मीठ जास्त झालं तर रक्तात सोडियम चढतं. साखर जास्त झाली तर ती मोठ्या आतड्यात उतरून पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. घरच्या द्रावणात पोटॅशियम नसतं. जुलाबात तर पोटॅशियम आणि बायकार्बोनेट दोन्ही जातात, म्हणून पुडी मिळताच पुडीवर यावं.

नेहमी होणाऱ्या चुका: पुडी लिटरची असताना पेल्यात कालवणं. चवीसाठी वर साखर टाकणं. तयार द्रावण २४ तासांनंतरही पीत राहणं. आणि ओआरएसऐवजी फळांचा डबाबंद रस किंवा कोला. या पेयांची तीव्रता ६०० च्या पुढे जाते आणि सोडियम जवळपास नसतं, म्हणजे दोन्हीकडून उलटं.

मोठ्या माणसाने दर पातळ शौचानंतर २०० ते ४०० मिलि घ्यावं, तहान असेल तर जास्त. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी ५ ते १० मिलि. घटाघटा प्यायलं की जठर ताणलं जाऊन पुन्हा उलटी होते. नोरोव्हायरसमध्ये जठर रिकामं व्हायचा वेगही मंदावलेला असतो, त्यामुळे चमचाच बरा.

ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. ते थांबवायला नाहीच, गेलेलं भरून काढायला आहे. 'दोन लिटर प्यायलं तरी फरक नाही' म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलं.

---

चौकस

जुलाब थांबवायच्या गोळीचं काय? लोपेरामाइडने विषाणू आत कोंडला जातो म्हणतात.

---

गोळीबार

(नाव औषधांवरून आहे, गैरसमज नको.)

कोंडला जाण्याचं भय विषाणूजन्य, रक्त नसलेल्या जुलाबांत फारसं खरं नाही. लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या नसांवरच्या ओपिऑइड ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसतं. आकुंचनं मंदावतात, मळ जास्त वेळ थांबतो, मोठ्या आतड्याला पाणी शोषायला अवधी मिळतो. धागाकर्त्यांनी वेगाचा जो मुद्दा मांडला त्यावरच हा इलाज. मात्रा: सुरुवातीला ४ मिग्रॅ, नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर २ मिग्रॅ. स्वतःहून घेताना दिवसाला ८ मिग्रॅच्या वर नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमाल १६. दोन दिवसांत फरक नसेल तर बंद. जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडते, हा धोका नुसता कागदावरचा नाही.

कधी घेऊ नये: शौचात रक्त, आव, ३८.५ अंश सेल्सियसच्या वर ताप, पोट फुगून ताठ झालेलं, किंवा नुकतंच अँटिबायोटिक घेतलेलं. या सगळ्यांत खुद्द मोठ्या आतड्याला दाह असू शकतो. दाह झालेलं आतडं गोळीने सुस्त पाडलं की ते फुगत जातं. क्ष-किरणात ६ सेंटीमीटरच्या वर गेलं आणि अंगात विषबाधेची लक्षणं असली तर त्याला टॉक्सिक मेगाकोलन म्हणतात. तो शस्त्रक्रियेपर्यंत जाणारा मामला आहे.

रेसेकाडोट्रिल (१०० मिग्रॅ दिवसातून तीनदा) वेगळं चालतं. ते हालचाल न थांबवता आतड्यातला पाझर कमी करतं, म्हणून पोट कमी फुगतं आणि नंतरचा बद्धकोष्ठही कमी. उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन सेरोटोनिनच्याच एका ग्राहकाला अडवतं. त्याने बद्धकोष्ठ होऊ शकतो, आणि हृदयाच्या लयीची काही औषधं चालू असतील तर आधी विचारावं.

अँटिबायोटिकचा विषाणूवर शून्य परिणाम. कपाटात उरलेली मेट्रोनिडाझोलची अर्धी पट्टी संपवायची ही वेळ नव्हे. प्रोबायोटिकचा मोठ्या माणसांत फायदा दिसला तर किरकोळ, त्याच्या नादात ओआरएस मागे पडू नये.

---

पथ्यपाणी

चालू गोळ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या (एसीई रोधक, एआरबी), लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मधुमेहाचं मेटफॉर्मिन, एसजीएलटी२ गटातली 'फ्लोझिन' औषधं, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं. अंगातलं पाणी घटलेलं असताना यांतली काही मूत्रपिंडाला मार देतात, फ्लोझिनने साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्यांत त्याची रक्तातली पातळी चढते. डॉक्टरांना फोन करून कोणती थांबवायची ते विचारावं. नीट खाणं-पिणं सुरू होऊन २४ ते ४८ तास झाले की बहुतेक पुन्हा चालू होतात. इन्सुलिन मात्र 'जेवलो नाही' म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नाही.

खाण्याचं: उपाशी ठेवू नये. भूक लागेल तसं मऊ, कमी तेलाचं. दूध आठवडाभर कमी करावं किंवा टाळावं, दही बऱ्याच जणांना चालतं कारण त्यातल्या लॅक्टोजचा काही भाग आधीच आंबलेला असतो. साखरमुक्त गोळ्या आणि च्युइंगममधलं सॉर्बिटॉल लक्षात येत नाही. तेही न शोषलं जाता मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतं.

---

सूक्ष्मदर्शी

आता धाग्याच्या गाभ्याकडे. मोठ्या आतड्याची लक्षणं दिसली की विषाणूवरचा संशय कमी करायचा, वाढवायचा नाही.

लहान आतड्याचा जुलाब: प्रमाण भरपूर, पाण्यासारखा, कळ बेंबीभोवती, उलटी-मळमळ सोबत. मोठ्या आतड्याचा: थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आव आणि रक्त, शौच होऊनही न झाल्यासारखं वाटून कुंथत बसणं, ताप चढा. दुसरा प्रकार दिसला तर शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला, विष बनवणारा ई. कोलाय, अमीबा, आणि गेल्या तीनेक महिन्यांत अँटिबायोटिक झालं असेल तर क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हे शोधायचे. रक्त असलेल्या जुलाबात अँटिबायोटिकची घाईही नको. ई. कोलायच्या त्या प्रकारात काही अँटिबायोटिकमुळे मूत्रपिंड बंद पाडणारी गुंतागुंत वाढण्याची भीती असते, म्हणून आधी शौचाची तपासणी.

काळा शौच पाहून घाबरण्याआधी बिस्मथ किंवा लोहाच्या गोळ्या घेतल्या का ते आठवावं. त्या नसतील आणि शौच डांबरासारखा चिकट, काळा असेल तर तो वरच्या भागातला रक्तस्राव, लगेच दाखवा.

---

पित्तप्रकोप

यात एक भर हवीच. विषाणू मोठ्या आतड्याला हात न लावताही त्याला जखमी करू शकतो, पाण्याच्या तुटवड्यातून. मोठ्या आतड्याला दोन मुख्य धमन्या रक्त पुरवतात. त्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर, प्लीहेजवळच्या वळणापाशी, पुरवठा मुळातच तोकडा. गुदाशयाच्या वरच्या टोकाशीही असाच एक कच्चा पट्टा आहे. साठीपुढच्या, धमन्या कडक झालेल्या माणसाचं पाणी घटून रक्तदाब पडला की या पट्ट्यांना रक्त अपुरं पडतं. आधी डाव्या बाजूला अचानक कळ, घाईची शौचभावना, आणि साधारण २४ तासांत लाल किंवा तपकिरी-लाल रक्त. याला इस्केमिक कोलायटिस म्हणतात. सुरुवात साध्या जुलाबांनी झालेली असल्याने 'आता आव पडायला लागली' म्हणून हे सुटून जातं. बरेचसे सलाईन आणि विश्रांतीने सावरतात, पण ते रुग्णालयात.

ॲपेंडिक्सही याच गोंधळात चुकतं. गॅस्ट्रोत बहुधा उलटी आधी, पोटदुखी नंतर. ॲपेंडिक्समध्ये आधी बेंबीभोवती दुखतं, मग मळमळ-उलटी, मग दुखणं उजवीकडे खाली सरकून एका जागी ठाण मांडतं. चालताना, खोकताना वाढतं. गॅस्ट्रोची कळ येते-जाते, ही जात नाही.

---

अर्धा_चमचा

रुग्णालयात कधी, ते एका ठिकाणी असू द्या: ८ तास लघवी नाही किंवा फारच गडद, उभं राहिल्यावर भोवळ, २४ तास पाण्याचा घोटही न ठरणं, शौचात रक्त, सतत वाढत जाणारं दुखणं, ३९ च्या पुढे ताप, गुंगी किंवा बरळणं, आठवड्याहून जास्त चाललेले जुलाब. वय ६५ च्या वर, गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दबलेली प्रतिकारशक्ती असेल तर यांची वाट न पाहता लवकर.

---

शून्य_कोलन

ज्यांचं मोठं आतडं काढलेलं आहे आणि पोटावर पिशवी आहे त्यांच्यासाठी. धागाकर्त्यांच्या हिशोबातला शेवटचा सुरक्षा-साठा इथे नाही. गॅस्ट्रोत पिशवीतून दिवसाला २ लिटरच्या वर सहज जातं, आणि लहान आतड्याच्या त्या द्रवात सोडियम लिटरला सुमारे १०० मिलिमोल असतं. साधं पाणी जास्त प्यायलं तर ते उलट सोडियम बाहेर ओढतं. म्हणून साधं पाणी, चहा, रस मिळून अर्धा ते एक लिटरवर रोखतात, बाकी जास्त मिठाचं द्रावण: १ लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. यात सोडियम ९० च्या आसपास येतं. खारट लागतं. गार करून घोट घोट घेतलं की जातं. हे प्रमाण मोठं आतडं शाबूत असलेल्यांनी वापरायची गरज नाही. आणि उलट्या असतील, पिशवी अचानक कोरडी पडली आणि पोट फुगलं, तर तो गॅस्ट्रो बरा झाल्याचा नव्हे, अडथळ्याचा इशारा आहे.

---

चौकस

बरं झाल्यावर पुढचे कित्येक दिवस पोट बिघडलेलं राहतं, त्याचं काय? काहींना तर उलट तीन दिवस शौचच होत नाही.

---

पथ्यपाणी

शौच न होणं बहुतेकदा साधं. आतडं पूर्ण रिकामं झालेलं असतं, खाणं नाममात्र, वर लोपेरामाइड-ऑनडॅनसेट्रॉन. मळ साठायला दोन-तीन दिवस लागतात. पोट मऊ असेल आणि वायू सरत असेल तर रेचक घेऊ नका.

दुधाने पोट फुगणं, जेवल्यावर पातळ होणं एक-दोन आठवडे चालतं, कधी महिनाभर. विली पुन्हा उभे राहायला साधारण दोन आठवडे जातात. दूध थोडं थोडं परत सुरू करावं, कायमचं तोडून 'मला दूध चालत नाही' ठरवू नये.

---

सूक्ष्मदर्शी

त्यापुढचा टप्पा म्हणजे संसर्गोत्तर आयबीएस, म्हणजे संसर्ग गेल्यावरही आतडं चाळवलेलं राहणं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम). पोटाच्या संसर्गानंतर सरासरी दहातल्या एकाला होतो. जिवाणू आणि परजीवींनंतर तो चिवट असतो. विषाणूनंतर सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच जणांत दिसतो, पण वर्षभरात ओसरण्याकडे कल असतो. मूळ आजार जितका तीव्र आणि लांबलेला, तितकी शक्यता जास्त. स्त्रियांत, आणि आजाराच्या वेळी चिंता किंवा नैराश्य असलेल्यांत अधिक.

इथे मात्र मोठं आतडं खरंच गुंतलेलं असतं. अस्तर वरवर ठीक दिसतं, पण सेरोटोनिनच्या पेशी आणि मास्ट पेशी वाढलेल्या असतात, नसा अतिसंवेदनशील झालेल्या. एरवी कळलाही नसता इतका वायू आता दुखतो. आयबीएस ठरवायच्या रोम ४ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला किमान एक दिवस पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाशी, शौचाच्या वारंवारतेशी किंवा घट्ट-पातळपणाशी, यांपैकी दोन गोष्टींशी हवा. दुखणं नसून फक्त पाण्यासारखे जुलाब सकाळी उरले असतील तर पित्ताम्लांचा विचार करावा. पित्ताम्ल बांधून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामाइनने त्यांत चटकन फरक पडतो. ते बाकीची औषधंही बांधतं, म्हणून इतर गोळ्या त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी.

रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणं, रक्ताल्पता, रक्त, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सवय बदलणं, यांतलं काहीही असेल तर आयबीएसचा शिक्का मारायचा नाही.

---

विषाणूपुराण

घरातल्या इतरांसाठी थोडक्यात. नोरोव्हायरसचे अगदी मोजके कण पुरतात. लक्षणं गेल्यावरही शौचावाटे काही आठवडे विषाणू जात राहतो. जुलाब-उलट्या पूर्ण थांबल्यापासून ४८ तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक नको, कामावरही नको. या विषाणूला मेदाचं वेष्टण नाही, म्हणून अल्कोहोलच्या हात-जेलवर भिस्त ठेवू नका. साबणाने २० सेकंद, वाहत्या पाण्याखाली. उलटी पडलेल्या जागेला ५ टक्के ब्लीच, १ लिटर पाण्यात १०० मिलि, म्हणजे सुमारे ५००० पीपीएम (दशलक्षात भाग). साध्या पुसण्याला २० मिलि पुरे. आधी घाण कागदाने उचलायची, मग द्रावण निदान पाच मिनिटं राहू द्यायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर ते तिथेच खर्ची पडतं. ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर कधीही एकत्र नाही, क्लोरीन वायू निघतो.

---

चौकस

शेवटची शंका. शौचाच्या पीसीआर तपासणीत (विषाणूची जनुकीय खूण शोधणाऱ्या) नोरोव्हायरस आला म्हणजे निदान पक्कं ना? आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन वाढलेलं आलं तर कोलोनोस्कोपी (नळीने मोठं आतडं आतून पाहणं) करायची का?

---

सूक्ष्मदर्शी

पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूचे अंश सापडले, एवढंच. ते मागच्या महिन्यातल्या आजाराचेही असू शकतात. रक्त पडत असेल आणि अहवालात फक्त नोरोव्हायरस असेल तर शोध थांबवू नये.

कॅलप्रोटेक्टिन पांढऱ्या पेशींतलं प्रथिन आहे, मोठ्या माणसांत ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत नेहमीचं धरतात. आजार चालू असताना किंवा लगेच नंतर केलं तर विषाणूमुळेही थोडंफार चढतं, जिवाणूमुळे बरंच. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांतही चढतं. धोक्याचं लक्षण नसेल तर सहा आठवड्यांनी, वेदनाशामकं बंद ठेवून पुन्हा करावं. तेव्हाही २०० च्या वर असेल तर कोलोनोस्कोपी. संसर्गाच्या भरात घेतलेल्या बायॉप्सीत तात्पुरता दाह दिसतो आणि आयुष्यभराच्या आजाराचं लेबल चिकटायची भीती असते. रक्त, सतत ताप किंवा दबलेली प्रतिकारशक्ती असेल तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. मग नळी तेव्हाच, आणि बायॉप्सीच्या चिठ्ठीवर 'सायटोमेगॅलोव्हायरस पाहावा' असं स्पष्ट लिहून.